माझं फिक्स झालं

मालविका सायकलसकट नेटलच्या झुडपात शिरली, ते बोटीतल्या आठही मुलींनी डोळे भरून पाहिलं. वल्हं मारणाऱ्यांची पाठ जायच्या दिशेला असते आणि तोंड मागे, त्यामुळे काठावरून सायकल हाणत ओरडणारी असिस्टंट कोच त्यांना सबंध सकाळ समोर दिसतच राहते, इच्छा असो वा नसो. पाहिलं नाही ते फक्त कॉक्सने, म्हणजे सुकाणू धरून हुकूम सोडणाऱ्या नवव्या मुलीने. तिचं तोंड पुढे होतं, आणि एवढा मोठा प्रसंग आपल्या पाठीमागे घडून गेला याचं तिला नंतर फार वाईट वाटलं. झालं होतं ते इतकंच. हेड कोच कॉलिन आपल्या मोटारबोटीतून मागून आला, भोंगा तोंडाला लावला आणि नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मॅल! थ्री इयर्स! दे'व्ह गॉन फॉर थ्री!" मालविकाने हँडलवरचे दोन्ही हात हवेत वर केले. पायवाट तिथे डावीकडे वळते हे तिला पाच वर्षं माहीत होतं. त्या क्षणी ते, आणि बाकीही बरंच काही, माहीत असायचं बंद झालं.

नेटल म्हणजे आपल्याकडच्या खाजकुइलीची इंग्लिश चुलतबहीण. आधी काहीच होत नाही, माणूस कपडे झटकतो आणि हसतो. मग मनगटापासून कोपरापर्यंत बारीक फोड उठतात आणि कातडीखाली कुणीतरी झांजा वाजवायला लागतं. कॉलिनने मोटारबोट काठाला लावली, शेजारीच उगवलेल्या डॉक नावाच्या रोपाचं रुंद पान तोडलं आणि चोळायला दिलं. गुरुवारी सही आहे, तोपर्यंत जिवंत राहा, एवढं बोलून तो निघूनही गेला. मालविका पान चोळत तिथेच गवतात बसली. हिरवा रस हातभर पसरला. आग हाताची होते आहे की आतली, हे तिला सांगता येईना. हॉकीचे, बॅडमिंटनचे, पोहण्याचे, सगळ्यांचेच असिस्टंट कोच आजवर वर्षाच्या करारावर असत. हेड कोचला युनिव्हर्सिटी चार-चार वर्षं द्यायची, असिस्टंटांना मात्र दर जूनच्या शेवटी किल्ल्या परत. बोटहाऊसमधला लॉकर रिकामा करायचा, उन्हाळाभर फोनकडे बघत बसायचं, आणि सप्टेंबरात बोलावणं आलं की नवीन फोटो, नवीन कार्ड, नवीन स्क्वॉड. एचआरची तीच बाई तिला दर वर्षी त्याच उत्साहाने फायर एक्झिट दाखवायची. मालविकाने तो दरवाजा इतक्यांदा पाहिला होता, की खरोखर आग लागली असती तर तिने आधी त्या बाईलाच हाताला धरून बाहेर काढलं असतं.

किल्ल्यांचंही फारसं काही नाही. खरं दुखणं स्क्वॉडचं होतं. एक वर्ष नवशिके, दुसऱ्या वर्षी हलक्या वजनाची मुलं, मग मुलींची दुसरी टीम, पुन्हा नवशिके. जी पोरगी ऑक्टोबरात पाण्याला घाबरून बोटीची कड घट्ट धरून बसायची, ती मे महिन्यात कुठे वल्हं पाण्यात नीट बुडवायला लागायची, की मालविकाचा करार संपायचा आणि ती पोरगी दुसऱ्या कुणाची तरी व्हायची. इल्फर्डची तनू आता बोटीत तिसऱ्या जागेवर बसते. फ्रेशर्स फेअरला ती रोइंगच्या टेबलापाशी आली ती फुकटच्या पिझ्झ्यासाठी. नदीत बोट असते हे तिला त्या दिवशी नव्याने कळल्यासारखं होतं. तिने नोव्हेंबरात विचारलं होतं, "मॅल, थर्ड इयरपर्यंत तूच आहेस ना आम्हाला?" आणि मालविकाने उत्तर दिलं होतं, "तुझं वल्हं बघ आधी." डिग्री तीन वर्षांची असते. करार तीन वर्षांचा झाला. म्हणजे एक बोटभर मुली पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिच्या. एक माणूस भीतीपासून सुरू होऊन कुठवर जातं, हे तिला एकदा अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. एवढंच. आणि हे एवढंच तिला इतकं हवं होतं, की ते गेल्या पाच वर्षांत तिने कुणाजवळ मोठ्याने उच्चारलंही नव्हतं.

बोटहाऊसच्या मागे, जिथे ओले मोजे वाळत घालतात तिथे उभी राहून तिने आईला व्हॉइस नोट पाठवली. इथे तिच्या मराठीबद्दल थोडं सांगायला हवं. ती लंडनशेजारच्या स्लाऊमध्ये जन्मली, मराठी घरात बोलली, आणि मराठीत प्रत्येक वस्तूला लिंग असतं ही बातमी तिच्यापर्यंत जरा उशिरा पोचली. खुर्ची ती, टेबल ते, आणि सोफा तो. का? आईला विचारलं तर आई म्हणायची, "असंच असतं." ज्या गोष्टीला कारणच नाही ती पाठ कशी करायची? मग मालविकाने लहानपणीच एक मधला मार्ग काढला. शंका आली की नपुंसकलिंग. ते भाजी, ते चहा, ते शाळा. आई दुरुस्त करून करून थकली, बाबा हसून हसून थकले, आणि भाषेने तिला त्या एका अनुस्वारावर तीसेक वर्षं सांभाळून घेतलं. नोकरी ती असते आणि करार तो असतो. पण छातीत धडधड चालली असताना तो की ती हे कोण बघत बसतं? मालविकाने बटण दाबलं आणि धापा टाकत म्हणाली, "आई! माझं फिक्स झालं! फायनली! मी दुपारी घरी येते, सगळं सांगते!" कशाचं ते तिने सांगितलं नाही, कारण तिच्या मते आज जगात फिक्स होण्यासारखी दुसरी गोष्टच नव्हती.

दुपारच्या गाडीत खिडकीजवळ बसून तिने फोन उघडला तर मेसेजांचा ढीग. आधी तिला बरंच वाटलं. बघा, बातमी पोचली. आई फॅमिली ग्रुपवर टाकणार हे ठरलेलंच होतं, आणि आईचा फॅमिली ग्रुप म्हणजे स्लाऊ, लेस्टर, इल्फर्ड, विहारात रविवारी वंदनेला येणारी निम्मी मंडळी आणि नागपूरचे कोण कोण. फुलं, हात जोडलेले, नाचणारी बाई. पाच वर्षांत दर सप्टेंबरला तिचा करार नव्याने व्हायचा तेव्हा या लोकांनी साधा अंगठाही दाखवला नव्हता, म्हणून तिला गहिवरूनच आलं. असिस्टंट कोचच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल माणसं इतकी हळवी असतात? मग तिने लेस्टरच्या मधुमतीमावशीची व्हॉइस नोट लावली. "जय भीम बेटा! शैलाने सांगितलं, तुझं फिक्स झालं! मी इतकी खूश आहे ना, मी दुकानात सगळ्यांना पेढे दिले. आता हे सांग, मुलगा काय करतो?" मालविकाने ती नोट पुन्हा लावली. मुलगा? कुठला मुलगा? क्षणभर तिला वाटलं, मावशी कॉलिनबद्दल विचारते आहे. कॉलिन साठीचा, त्याला दोन नातवंडं आणि एक म्हातारा कुत्रा. मग तिने नपुंसकलिंगाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. माझं फिक्स झालं. तेहतीस वर्षांच्या मराठी मुलीचं, नपुंसकलिंगात, एकच गोष्ट फिक्स होते.

ती मोठ्याने हसली. समोरचा माणूस लॅपटॉपमधून वर बघून खाली बघायला लागला. हसू थांबलं तरी आतली उडी काही थांबेना. उलट तिला एक चमत्कारिक गोष्ट कळली, की ही फुलं आणि ती नाचणारी बाई तिला अजूनही आवडत होती. ती चुकून आली होती, पत्ता चुकलेलं पार्सल आपण उघडावं तसं, तरी ती तिच्या नावाने आली होती. तिने एकेक नोट ऐकली. कुणीतरी मंगल परिणयाला हॉल कुठला घ्यायचा तेही ठरवून टाकलं होतं. आईने रविवारी वंदनेनंतर सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं आहे, हेही त्यातच कळलं. इतक्या आवाजांमध्ये तिचा स्वतःचा आनंद एका कोपऱ्यात उभा होता, लग्नघरात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा, आणि कुणी त्याला बस म्हणत नव्हतं. आणि मग आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आई आत्ता काय करत असेल? बाबा गेल्यापासून आईच्या आवाजात एक चपटेपणा आला होता. हवामान सांगणाऱ्या बाईच्या आवाजात ती मुलीची खबर घ्यायची. तिच्या आजच्या नोटेत मात्र आई बोललीच नव्हती. नुसती रडत हसली होती, आणि शेवटी म्हणाली होती, "ये लवकर." हे सगळं एका वाक्यात खोटं पाडायचं. आई, ते नव्हे गं, नोकरीचं. आणि तसं म्हटल्यावर नोकरीचं ते केवढंसं दिसेल! आईचा आनंद हिरावून घ्यायचा, त्याच्या जागी आपला ठेवायचा, आणि आईने म्हणायचं, हं, एवढंच होय. त्या एका 'एवढंच'ला मालविका घाबरली. तिला गुरुवारपर्यंत तरी तो आनंद आहे त्या आकाराचा हवा होता.

तेवढ्यात फोन वाजला. प्रणव. प्रणवचं नाव त्या पडद्यावर आलं त्याला बराच काळ लोटला होता. तो लेस्टरला असतो, कौन्सिलच्या एचआरमध्ये, आणि त्याची आई अर्थातच त्या ग्रुपवर. एके काळी या दोघांचंच फिक्स व्हायचं होतं. प्रणव वाईट नव्हता. त्याला फक्त कॅलेंडर आवडायचं. घर कुठे घ्यायचं हे ठरवायला तो बसायचा आणि दर वेळी मालविकाच्या जूनपाशी येऊन अडायचा. "तुझं एकदा काहीतरी फिक्स होऊ दे, मॅल्स, मग बघू," असं तो म्हणायचा. चिडून नव्हे, अगदी समजूतदारपणे, आणि समजूतदार माणसाशी भांडता येत नाही. असे तीन जून गेले, चौथ्याला दोघंही एकमेकांना फोन करायचं विसरले. तिने फोन उचलला.

"काँग्रॅट्स, मॅल्स," प्रणव म्हणाला. "आईने सांगितलं. तुझं फिक्स झालं म्हणे."

"हो," मालविका म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. एक गोदाम गेलं, मग दुसरं गेलं. ती मुद्दाम गप्प राहिली, आणि आपण या गप्प राहण्याची मजा घेतो आहोत हे तिला कळत होतं.

"छान. आय मीन इट. तो लकी आहे."

"तो नाही. ते."

"काय?"

"ते. युनिव्हर्सिटी. मला थ्री-इयर कॉन्ट्रॅक्ट मिळालं, प्रणव. लग्न वगैरे काही नाही. आईने चुकीचं ऐकलं. म्हणजे मी चुकीचं बोलले."

मग प्रणवमधला एचआर जागा झाला. "अच्छा. म्हणजे फिक्स्ड-टर्म."

"हो."

"मग ते फिक्स नाही ना पण. फिक्स्ड-टर्म म्हणजे एंड डेट आहे. पर्मनंटच्या अपोझिट."

अशी ही गंमत. ऑफिसच्या इंग्लिशमध्ये फिक्स्ड म्हणजे जे संपणार हे नक्की आहे ते, आणि स्लाऊच्या मराठीत फिक्स म्हणजे जे आता हलत नाही ते. दोन्ही भाषा तोंडात घेऊन वाढलेल्या पोरीला हा फरक आजवर कुणी सांगितला नव्हता. पूर्वीची मालविका असती तर या वाक्यावर तिचा फुगा फुटला असता, आणि तिने रात्रभर प्रणव बरोबर आहे का हा विचार केला असता. तो बरोबर होता. नेहमीच असायचा. आज मात्र ते बरोबर असणं तिच्यापर्यंत आलं आणि कुठेच टोचलं नाही. टोचत होतं ते फक्त कोपराजवळ, नेटलचं.

"आहे ना एंड डेट," ती म्हणाली. "तीन वर्षांनंतर आहे. प्रणव, तीन वर्षं! माझ्याकडे इतकं पुढचं काही कधी नव्हतंच."

"खूश आहेस ना तू?"

"वेड्यासारखी."

"ऐकू येतंय," तो म्हणाला, आणि तो हसला तेव्हा ती बरीच वर्षं ज्याची वाट बघत होती ते हसू ते नव्हतं, तरी चांगलं होतं. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं, की आपण पहिल्यांदाच कुणाला तरी ही बातमी खरोखर सांगितली, आणि ती सांगून झाल्यावरही तेवढीच राहिली. एका माणसाला सांगता आली. आता आईला.

स्लाऊ स्टेशनवरून घर चालत पंधरा-वीस मिनिटं. बसने लवकर होतं, पण ती चालत निघाली. कारखान्यांच्या ट्रेडिंग इस्टेटच्या बाजूने बेकरीचा वास येत होता, शाळा सुटलेली पोरं चिप्स खात रस्ता अडवून उभी होती, आणि तिचे पाय आपोआप पळायला बघत होते. याच गावातून, याच शाळेतून एका दुपारी मिनीबस भरून मुलांना जवळच्या तळ्यावर नेलं होतं, श्रीमंतांच्या शाळेच्या बोटी असतात त्या तळ्यावर. सरकारी शाळांनाही बोट दाखवा अशी काहीतरी योजना होती. तिला वल्हं उचलेना. बारा वर्षांची, चिमणीएवढी. तिथल्या बाईने तिला सुकाणूपाशी बसवलं आणि सांगितलं, तुझं काम फक्त ओरडण्याचं. मालविकाला खरं वाटेना. घरात, नातेवाइकांत, विहारात, शाळेत, सगळीकडे तिला हळू बोल, हळू बोल म्हणून सांगितलं जाई. तिचा आवाज अंगापेक्षा मोठा होता आणि तो कुठे ठेवावा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती ओरडली. आणि तिच्यापेक्षा दुप्पट मोठी आठ मुलं एकाच वेळी मागे झुकली, बोट खालून सरकली, पाणी फाटल्याचा बारीक सुर्रर् आवाज आला. जग आपल्या शब्दासरशी हललं असं त्या आधी तिला कधी वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नंतरही वाटलं ते तिथेच. घरी येऊन तिने आईला सांगितलं, "आई, मी ओरडलं आणि ते गेलं!" आईने विचारलं, "कोण गेलं?" आणि दुरुस्त केलं, "ओरडले म्हण." बातमी तिथेच राहिली. आज तसं होऊ द्यायचं नाही. एवढंच ठरवून ती आपल्या गल्लीत वळली, आणि वळल्याबरोबर तुपात भाजलेल्या रव्याचा वास आला. रस्त्यावर. बंद दरवाजातून. आई शिरा करत होती आणि खिडक्या उघड्या टाकून करत होती.

दार उघडायच्या आधीच उघडलं. दारात आई होती. शैलाताईंनी जांभळी साडी नेसली होती. भर दुपारी, घरात. त्यांनी मुलीचे दोन्ही गाल धरले, तिच्या तोंडाकडे इतकं निरखून पाहिलं की मालविकाला डोळे मिटावेसे वाटले. मग त्यांचं लक्ष फोडांकडे गेलं. "हे काय झालं?"

"नेटल. सायकलवरून पडले. आई, ऐक ना..."

"काही सांगू नकोस," शैलाताई म्हणाल्या. "आधी बस. आधी मी बोलणार. मी सकाळपासून तयारी केली आहे, मला बोलू दे." त्यांनी तिला सोफ्यावर बसवलं, बशी हातात दिली, आणि स्वतः उभ्याच राहिल्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला नवा हार होता, आणि त्याखाली बाबांच्या फोटोलाही. "हे बघ. तू नाव सांगितलं नाहीस म्हणजे काहीतरी असणार. मी समजून गेले. गोरा असला तरी चालेल. काळा असला तरी चालेल. आपल्यातला नसला, कुठल्याही धर्माचा असला तरी मी मधूला आणि सगळ्यांना बघून घेईन, ते माझ्यावर सोड. घटस्फोट झालेला असला तरी चालेल. आणि," इथे त्यांचा आवाज जरा कापला, पण त्या थांबल्या नाहीत, "मुलगी असली तरी चालेल. ते जरा कठीण गेलं. पण रवा भाजता भाजता मी तेही करून टाकलं. आता सांग."

आईला मालविकाने असं कधी पाहिलं नव्हतं. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनवर पंचवीस वर्षं लोकांना 'नेक्स्ट वीक' सांगून थकलेली ही बाई एका सकाळीत सगळी दारं उघडून उभी होती, साडी नेसून, घाम पुसत, आणि त्या दारांतून आत यायला कुणीही नव्हतं. यापेक्षा मोठं प्रेम तिने कुठे पाहिलं नव्हतं, आणि ते चुकीच्या बातमीवर आलं होतं. सांगू नये. गुरुवारनंतर सांगावं. रविवारी सांगावं. आईला हा एक आठवडा द्यावा. आणि मग तिला वाटलं, ज्या बाईने इतकं सगळं चालवून घ्यायची तयारी केली आहे, तिला जे खरं आहे ते का चालणार नाही? तिने बशी खाली ठेवली.

"आई, कुणी नाही."

"म्हणजे?"

"मुलगा नाही, मुलगी नाही. लग्नाचं नाही ते. नोकरीचं फिक्स झालं. मला तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं."

शैलाताई तशाच उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात फोन टिंगटिंग करत होता, अजून कुठून कुठून फुलं येत होती. त्यांनी पदर खांद्यावर नीट केला, खरं तर तो नीटच होता. "नोकरीचं," त्या म्हणाल्या. "मग नोकरीचं 'झालं' कसं गं? नोकरी फिक्स झाली म्हणायचं."

"माहीत आहे. आत्ता कळलं."

"मी सगळ्यांना सांगितलं."

"माहीत आहे. सॉरी, आई."

शैलाताई हळूच सोफ्याच्या टोकाला बसल्या. आता येणार तो शब्द, मालविकाला वाटलं, आणि तो यायच्या आत ती बोलायला लागली. बोलायला नव्हे, ओरडायलाच, काठावरून ओरडतात तशी. तिने फायर एक्झिटवाल्या बाईचं सांगितलं. किल्ल्यांचं सांगितलं. तनूचं सांगितलं, पिझ्झ्यासाठी आली होती, आता तिसऱ्या जागेवर बसते आणि तिच्या तळहाताला घट्टे पडले की आनंदाने सगळ्यांना दाखवत फिरते. "मला आजपर्यंत एकही मुलगी पूर्ण बघायला मिळालं नाही, आई. अर्धं अर्धं. प्रत्येकीचं अर्धं. आता या पोरींना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघेन. त्या पास होतील तेव्हा मी तिथे असेन. तीन वर्षांनी संपेल ते, मला माहीत आहे, पर्मनंट नाही. पण तीन वर्षं म्हणजे त्यांचं सगळं आहे गं! मी सायकलवर होते आणि कॉलिनने भोंग्यातून सांगितलं आणि मी हात सोडले. दोन्ही!" तिने दोन्ही हात वर करून दाखवले. फोड लालभडक झाले होते. ती हसत होती आणि तिचं तिलाच कळलं की डोळ्यांतून पाणीही येतं आहे, आणि तिने ते पुसलं नाही.

शैलाताई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तू अर्ज केला होतास?"

"कशाला?"

"या तीन वर्षांसाठी. तू मागितलंस?"

"नाही. म्हणजे दर वर्षी मीच मागायचे. या वेळी त्यांनीच विचारलं. कॉलिन म्हणाला, त्यांनी पहिलं नाव माझं घेतलं."

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

"म्हणजे मागणी त्यांच्याकडून आली," शैलाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी सरळ झालं. त्यांनी पाठ ताठ केली. "तुझ्या बाबांनी मला बघितलं तेव्हा माझ्या घरच्यांनी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. आमच्याकडे कधी कुणी स्वतःहून आलं नाही." त्या उठल्या, आत गेल्या, आणि फोन घेऊन आल्या. चष्मा लावला. मालविका उठून उभी राहिली.

"आई, राहू दे. मी लिहिते ग्रुपवर, मिसअंडरस्टँडिंग झालं म्हणून..."

"तू नको लिहूस. तू लिहिशील आणि पुन्हा कुणाचं तरी लग्न लावशील." त्यांनी बटणावर अंगठा ठेवला, फोन तोंडासमोर आडवा धरला, आणि जीपीच्या रिसेप्शनवर मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायचा त्या आवाजात बोलायला लागल्या.

"जय भीम. मी शैला बोलतेय. सगळ्यांनी ऐका. मालविकाचं लग्न ठरलेलं नाही. मालविकाला नोकरी मिळाली आहे, तीन वर्षांची, युनिव्हर्सिटीने घरी येऊन मागितल्यासारखी मागून दिली आहे. रविवारी वंदनेनंतर सगळ्यांनी आमच्याकडे यायचं आहे, जेवण आहे, त्यात काही बदल नाही. आणि सकाळपासून ज्यांनी ज्यांनी अभिनंदन केलं आहे, त्यांनी ते परत घ्यायचं नाही."